जपानात स्वस्तात मुक्काम
(स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिलाय तो ‘जपानात स्वस्तात कसं राहावं’ हा. आम्ही दोघी 14 रात्री जपानात राहून आलो आणि राहण्या-खाण्याचा पै-पैचा हिशेब मी वहीत लिहून ठेवलाय, हे कुणीतरी ग्रुपवर फोडलं. त्याचा हा परिणाम. दोघी म्हणजे मी आणि माझी बाकावरची शेजारीण. माझं नाव घ्यायचं नाही अशी तिने अट घातलीय. पण आठवी ते दहावी मी कुणाच्या शेजारी बसायचे हे तुम्हाला माहीत आहे आणि ती आत्ता तिसऱ्या रांगेत बसून माझ्याकडे डोळे वटारून बघतेय.

आधी कामाचं बोलते. मग दुसरं एक बोलायचंय, ते विषयपत्रिकेत नाही.

जपान महाग, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. विमानाचं तिकीट महाग आहे, बुलेट ट्रेन तर फारच महाग आहे. पण झोपायला जागा? मुंबईत बऱ्यापैकी लॉजला जे पडतं त्याच्या आसपासच पडलं. आम्ही गेलो तेव्हा एका येनला साधारण 55-60 पैसे पडत होते. म्हणजे येनचा आकडा बघायचा, निम्मा करायचा आणि वर थोडं टाकायचं. गणितात माझे किती मार्क होते ते सरांनी कृपया सांगू नये, पण एवढं मला जमत होतं.

जमलं नाही ते दुसरं गणित. तिकडे जुन्या पद्धतीच्या घरगुती सराया असतात. मोठ्या आणि थाटाच्या असल्या तर त्यांना र्योकान म्हणतात, एखादं कुटुंब चालवत असलेल्या साध्या असल्या तर मिन्शुकू. त्यांचं भाडं सांगतात ते बहुतेकदा खोलीचं नसतं, माणशी असतं. क्योतोला आम्ही 6000 येन वाचून खूश झालो. पोचल्यावर कळलं की प्रत्येकीचे 6000. चूक आमचीच. हिने तिथल्या तिथे मराठीतून हुज्जत घालायला सुरुवात केली, समोरच्या बाई वाकून वाकून नमस्कार करत राहिल्या, आणि शेवटी हीच वाकून नमस्कार करायला लागली. पैसे पुरते दिले.

तोक्योत पहिल्या चार रात्री असाकुसा भागात हॉस्टेलमध्ये काढल्या. साठी ओलांडलेल्या बायकांनी हॉस्टेलात राहायचं म्हणजे लोक हसतील असं मला वाटलं होतं. आमच्या समोरच्या बंकवर सत्तरीची एक फ्रेंच बाई होती, तिच्यावर कोरियाची कॉलेजची मुलगी. बायकांसाठी वेगळी खोली, प्रत्येक बंकला जाड पडदा, आत दिवा, फोन चार्ज करायची सोय, खाली कुलपाची पेटी. कोकण रेल्वेच्या स्लीपरसारखंच, फक्त चहावाला येत नाही आणि कुणी मोठ्याने बोलत नाही. खालचे बंक हवे असतील तर आधी लिहून कळवा. आम्ही कळवलं नव्हतं. रात्री दोनदा शिडी उतरावी लागली की गुडघे बोलायला लागतात. नहाण्यासाठी छोट्या छोट्या खोल्या होत्या, प्रत्येकीला आतून कडी. ही कडी माझ्या दृष्टीने फार महत्त्वाची होती. का, ते पुढे सांगते.

पाचव्या रात्री हिच्या हट्टापायी कॅप्सूल हॉटेल. जगातलं पहिलं कॅप्सूल हॉटेल 1979 साली ओसाकाला निघालं, म्हणजे आपण शाळेत होतो तेव्हा. ते किशो कुरोकावा नावाच्या मोठ्या वास्तुरचनाकाराने केलं होतं. शेवटची गाडी चुकलेल्या नोकरदारांची सोय म्हणून ही हॉटेलं वाढली. आता बायकांसाठी वेगळे मजले असतात. भिंतीत एकावर एक दोन ओळींत कोनाडे, त्यात सरपटत शिरायचं आणि पायाशी पडदा ओढून घ्यायचा. दाराला कुलूप नसतं, सामान बाहेर लॉकरमध्ये. ही म्हणाली, “पोस्टातल्या पेट्यांत टपाल ठेवतात तसं आपल्याला ठेवलंय.” झोप मात्र झकास लागली. एक रात्र गंमत म्हणून ठीक, पण मोठी बॅग बरोबर असेल तर जाऊ नका.

सगळ्यात व्यवहारी म्हणजे तिकडचं ‘बिझनेस हॉटेल’. फिरतीच्या नोकरीवाल्यांसाठी असतं. खोली इवलीशी, अकरा-बारा चौरस मीटरची. एकीने बॅग उघडली की दुसरीने पलंगावर मांडी घालून बसायचं. पण सगळं स्वच्छ आणि सगळं जागच्या जागी. बाथरूम म्हणजे एका साच्यातून काढलेलं प्लास्टिकचं खोकं. 1964 च्या तोक्यो ऑलिंपिकच्या वेळी एक मोठं हॉटेल घाईने पुरं करायचं होतं, म्हणून बाथरूम कारखान्यात तयार करून आणून बसवायची युक्ती तिथल्या कंपनीने काढली. ती पुढे देशभर झाली. खाली नाण्यांवर चालणारं धुलाईयंत्र असतं, म्हणून चार जोड कपडे पुरतात. तोयोको इन नावाची साखळी आहे, तिथे सकाळचा नाश्ता भाड्यात येतो. डॉर्मी इन म्हणून दुसरी आहे, जरा महाग, पण तिथे रात्री साडेनऊनंतर नूडल्सचा वाडगा फुकट देतात आणि वर मोठं सामायिक न्हाणीघर असतं. शाकाहारी लोकांनी मात्र सांभाळून. नूडल्सच्या सूपमध्ये, साध्या दिसणाऱ्या मिसोच्या सूपमध्येसुद्धा, सुक्या माशांचा अर्क असतो. मला चालतं. हिला चालत नाही. हिने 14 दिवस आंबट आलुबुखारासारखं लोणचं घातलेला भाताचा गोळा खाल्ला. ओनिगिरी म्हणतात त्याला. कोपऱ्यावरच्या कुठल्याही दुकानात मिळतो.

आणखी एक युक्ती सांगते, ती माझ्या वहीत लाल शाईने लिहिलेली आहे. ओसाकाहून क्युशू बेटावरच्या बेप्पूला जायला रात्रीची बोट आहे. संध्याकाळी सुटते आणि सकाळी सातच्या सुमाराला पोचवते. एका रात्रीचं राहण्याचं भाडं वाचतं आणि तिकीट बुलेट ट्रेनपेक्षा पुष्कळ कमी. मार्ग जपानच्या आतल्या समुद्रातून जातो. मोठमोठ्या पुलांखालून बोट जाते तेव्हा सगळे डेकवर येतात. आपण कोकणातली माणसं, बोट म्हटल्यावर माझ्या आजीच्या तोंडी असलेल्या मुंबईच्या बोटीच्या गोष्टी आठवल्या. या बोटीत मोठी काच असलेलं न्हाणीघर आहे. गरम पाण्यात बसून समुद्र बघायचा.

ही नहायला गेली नाही, कारण हिला लाज. मीही गेले नाही. आता ते दुसरं सांगते.

2019 मध्ये माझ्या डाव्या स्तनात कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये तो स्तन काढला, काखेतल्या गाठीही काढल्या. मग केमो, मग रेडिएशन. त्या काळात दोन संमेलनांना मी आले नाही. एकदा सुनेचं बाळंतपण सांगितलं होतं, एकदा गुडघा. बाळंतपण खरंच झालं होतं. गुडघा ठणठणीत आहे. तुमच्यापैकी फक्त हिला माहीत होतं. ही केमोच्या प्रत्येक खेपेला माझ्याकडे येऊन राहिली, आणि आपल्या ग्रुपवर एक अक्षर बोलली नाही. हिच्या पोटात काही राहत नाही असं आपण सगळेच म्हणायचो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

मी बरी झाले. पाच वर्षं झाली, डॉक्टर म्हणाले आता वर्षातून एकदा या. पण त्या पाच वर्षांत मी आरशासमोर कपडे बदलले नाहीत. मुलीला ड्रेसिंग करू दिलं नाही, नर्सकडून करून घेतलं. घरात कुणी नसलं तरी बाथरूमला आतून कडी. लोक म्हणतील, या वयात काय त्याचं एवढं? मीही स्वतःला तेच म्हणत होते. त्याचा उपयोग होत नाही.

म्हणून तोक्योतली ती कडी. म्हणून बिझनेस हॉटेलातलं ते प्लास्टिकचं खोकं मला राजवाडा वाटलं. कारण जपानातलं गरम पाण्याचं स्नान म्हणजे बायका बायकांत आणि पुरुष पुरुषांत, पण अंगावर एक सूत न ठेवता. पोहण्याचा पोशाख चालत नाही. ओन्सेन म्हणतात या झऱ्यांना. आधी बुटक्या स्टुलावर बसायचं, बादली आणि तांब्यासारखं भांडं घ्यायचं, साबण लावून अंग स्वच्छ धुवायचं, साबणाचा थेंब राहू द्यायचा नाही आणि मग टाकीत उतरायचं. पहिला भाग आपल्याच घरचा आहे. बंबातलं पाणी, पाट आणि तांब्या, आई अशीच नहायची. पण तेव्हा न्हाणीला दार होतं.

बाईंना आठवत असेल, नववीत तुम्ही आम्हाला राजापूरजवळ उन्हाळ्याला नेलं होतं. गरम पाण्याचा झरा दाखवायला. मुलगे चड्डीवर उतरले आणि आम्हा मुलींना तुम्ही सांगितलंत, फक्त पाय बुडवा. आम्ही दोघी काठावर पाय सोडून बसलो होतो. मी हिला म्हटलं होतं, एकदा तरी गळ्यापर्यंत बसायला मिळालं पाहिजे. मी हे साफ विसरले होते. हिने 45 वर्षं लक्षात ठेवलं, आणि बेप्पूचं बुकिंग हिनेच केलं.

बेप्पूबद्दल थोडं सांगते, कारण तुमच्यापैकी ज्यांना पाठदुखी, सांधेदुखी आहे ते नंतर विचारणारच आहात. जपानात जमिनीतून सगळ्यात जास्त गरम पाणी निघतं ते या गावात. दोन हजारांच्या वर झरे आहेत. आपल्याकडे पाणी खोल भेगांत उतरून तापतं आणि वर येतं, तिकडे खाली ज्वालामुखीची धग आहे. 1948 च्या तिथल्या कायद्याप्रमाणे जमिनीतून निघतानाच पाणी 25 अंश किंवा जास्त असलं, किंवा ठरवून दिलेल्या 19 द्रव्यांपैकी एखादं द्रव्य त्यात पुरेसं असलं, तर त्याला ओन्सेन म्हणता येतं. आपलं उन्हाळं त्यात आरामात बसेल.

गावाचा एक भाग आहे, कान्नावा. बसमधून उतरलो तर रस्त्याच्या कडेच्या गटारांच्या जाळ्यांतून वाफा. भिंतीतून निघालेल्या नळ्यांतून वाफा. हवेत गंधकाचा वास. गरम झाकणांवर मांजरं झोपलेली. इथे पूर्वीपासून ‘तोजी’साठी लोक येतात, म्हणजे दुखणं घेऊन यायचं आणि दिवसच्या दिवस राहून गरम पाण्याने बरं व्हायचं. लावणी-कापणी उरकली की शेतकरी यायचे. सात दिवसांची एक फेरी धरत. इतके दिवस हॉटेलचं जेवण कुणाला परवडणार? म्हणून इथल्या साध्या सरायांत जेवण देत नाहीत, फक्त खोली देतात, आणि अंगणात वाफेची चूल असते. जमिनीतली वाफ हौदात सोडलेली, वर लाकडी झाकण. टोपल्यात भाजी ठेवायची, टोपलं आत सोडायचं आणि घड्याळ लावायचं. ‘जिगोकु-मुशी’ म्हणतात, म्हणजे नरकातली उकड. गॅस नाही, वीज नाही, बिल नाही. आमची शाकाहारी बाई जी इतके दिवस उपाशीतापाशी होती ती या चुलीसमोर उभी राहिली आणि अक्षरशः हात जोडले. रताळी, लाल भोपळा, कोबी, कणसं, अंडी माझ्यासाठी. वाफेतच किंचित खारटपणा असतो, वरून मीठ लागत नाही. जपानात स्वस्तात राहायचं आणि घरचं खायचं असेल तर ही एक जागा मी डोळे मिटून सांगेन.

खोली चटयांची. बुटं खाली काढायची, सपाता घालायच्या, चटईवर सपाताही नाही, आणि संडासाच्या सपाता वेगळ्या. मी एकदा त्याच घालून जेवायच्या खोलीत गेले, ते सोडून द्या. गादी आपणच कपाटातून काढून घालायची. सुती किमोनो ठेवलेला असतो, त्याची डावी बाजू उजवीवर घ्यायची. उलट नेसवतात ते प्रेताला. मालकीणबाईंनी मला जिन्यात थांबवून ते सोडलं आणि पुन्हा नेसवलं. वरून नेसवलं, तरी मी अंग चोरलं.

मग मी विचारलं, आंघोळीची खोली कुठे? मालकीणबाईंनी खाली बोट दाखवलं. सगळ्यांसाठी एकच न्हाणीघर, बायकांची एक बाजू, पुरुषांची एक. खोलीत शॉवर नाही, खोकं नाही, कडी नाही. आणि हे हिला बुकिंग करताना माहीत होतं.

मी हिच्यावर इतकी चिडले की ती संध्याकाळ बोलले नाही. इतक्या वर्षांच्या ओळखीत आम्ही भांडलो नव्हतो असं नाही, पण हे वेगळं होतं. मला न विचारता माझ्या शरीराचं ठरवलंस, असं मी तिला म्हटलं. ती म्हणाली, “मी बादलीत पाणी वर आणून देईन. तीन दिवस देईन. तू जाऊ नकोस.” आणि खरोखरच जिन्यावरून, वाकत वाकत, बादली घेऊन आली. त्या चटयांवर पाणी सांडून चालत नाही. ओल्या फडक्याने अंग पुसलं आणि झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळीही बादली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ही एकटीच ‘मुशियू’त जाऊन आली. ते एक दगडी वाफघर आहे. इप्पेन नावाच्या बौद्ध भिक्षूने 1276 मध्ये सुरू केलं असं सांगतात. तिथे अंगावर कपडे असतात, म्हणून ही तयार झाली. मला डॉक्टरांनी वाफेला मनाई केली होती. काखेतल्या गाठी काढलेल्या असल्या की त्या हाताला सूज येण्याचा धोका असतो, फार उष्णता सोसत नाही. ही परत आली तर हिच्या अंगाला ओळखीचा वास. बाळंतिणीच्या खोलीचा वास. वाफघराच्या जमिनीवर एक गवतासारखी वनस्पती अंथरलेली असते, ती आपल्या वेखंडाच्याच जातकुळीतली. वेखंडाचा वास आला आणि माझा राग गेला. का गेला ते मला सांगता येणार नाही.

रात्री दहा वाजता मी म्हटलं, चल. या वेळी खाली कुणी नसेल. ही म्हणाली, “मी आहे बरोबर.” कपडे काढायच्या खोलीत टोपल्या ठेवलेल्या. फक्त एका टोपलीत कपडे होते. मी पाठ करून किमोनो सोडला, तिथे देतात तो छोटा टॉवेल छातीला धरला आणि वळले, तर ही किमोनोचा पट्टा घट्ट धरून बाकावर बसलेली. हलेना. “मला नाही गं जमत,” म्हणाली. मला घेऊन येणारी, बादल्या उचलणारी! आता काय करायचं? परत नेसायचं म्हणजे पुन्हा तेवढंच. मी आत गेले.

टाकीत एक म्हातारी बसली होती. ऐंशीच्या पुढची, केस वर बांधलेले, डोळे मिटलेले. मी स्टुलावर बसून एका हाताने टॉवेल धरून दुसऱ्या हाताने अंग धुतलं. कसं धुतलं असेल त्याची कल्पना करा. मग टॉवेल तसाच धरून टाकीची पायरी उतरले.

म्हातारीने डोळे उघडले आणि ओरडली. म्हणजे जपानी माणसाच्या मानाने ओरडली. माझ्या छातीकडे बोट. माझे पाय लटपटले. ती पुन्हा तेच म्हणाली, आणि आता बोट पाण्याकडे, मग पुन्हा छातीकडे. तेव्हा मला कळलं. ती टॉवेलकडे बोट दाखवत होती. टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही! हा नियम मी वहीत लिहिलेला होता. तिने स्वतःच्या डोक्यावर घडी घालून ठेवलेला टॉवेल दाखवला. असा ठेव.

मी गुडघाभर पाण्यात उभी. एक तर बाहेर जायचं, नाही तर टॉवेल काढायचा. मी काढला. घडी घालून डोक्यावर ठेवला. तिने बघितलं. बघितलं नाही असं मी म्हणणार नाही. बघितलं आणि मान हलवली, टॉवेल आता बरोबर जागी आहे म्हणून. मग तिने मला गरम पाणी पडतं त्या नळापासून दूरचा कोपरा दाखवला, जिथे पाणी जरा सोसवेल असं असतं, आणि पुन्हा डोळे मिटले.

मी गळ्यापर्यंत बसले. डावा हात बाहेर, काठावर ठेवून, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. पाचच मिनिटं. पाच वर्षांत त्या जागेला माझ्या हाताशिवाय आणि नर्सच्या हाताशिवाय काही लागलं नव्हतं. पाणी लागत होतं ते शॉवरचं, वरून. हे पाणी सगळीकडून होतं. मी रडले वगैरे नाही. मला भूक लागली.

बाहेर आले तर ही बाकावरच, रडून डोळे लाल. म्हणाली, “ती ओरडली ते ऐकलं. मला वाटलं, आता काय झालं आत.” मी सांगितलं काय झालं ते. मग दोघी इतक्या हसलो की मालकीणबाई वरून बघायला आल्या.

तिसऱ्या दिवशी हिने दुकानातून तांदळाचं पीठ आणि लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड पुरण आणलं. दोन्ही तिकडे तयार मिळतं. नारळ नव्हता, पण मोदक झाले. वाफेच्या हौदात पंधरा मिनिटांत. कळ्या हिच्याच हातच्या, तुम्हाला माहीत आहेत. ती म्हातारी चुलीपाशी आपला भाताचा डबा घेऊन आली होती. फोनवरच्या भाषांतराने कळलं की ती दर वर्षी कंबर घेऊन येते आणि दहा दिवस राहते, तांदूळ आणि लोणचं घरचं. कपड्यांत तिने मला पटकन ओळखलं नाही. मग ओळखलं आणि डोक्यावर हात ठेवून टॉवेलची खूण केली. मोदक दोन खाल्ले. तिसरा रुमालात बांधून नेला.

चौथ्या दिवशी पहाटे पाचला मला जाग आली ती हिने हलवल्यामुळे. “चल, आत्ता कुणी नसेल.” आम्ही गेलो. ही उतरली, एकदम गळ्यापर्यंत, डोळे गच्च मिटून. टॉवेल डोक्यावर. माझ्या उजव्या हाताला बसली, बाकावर बसायची तशी.

हे सगळं मी इथे का सांगितलं? एक तर तुम्हाला दोन वेळा खोटं सांगितलं होतं, ते मनात होतं. आणि दुसरं, या सभागृहात आपण साठीच्या जवळपास चाळीस बायका आहोत. कुणाला अशाच काही कारणाने कडी लागत असेल तर तिच्यासाठी कामाची माहिती राहिली ती सांगते. व्रण झाकण्यासाठी खास न्हाणीवस्त्र जपानात मिळतं आणि आता बऱ्याच ओन्सेनांत ते घालून पाण्यात उतरू देतात, तशी चित्राची पाटी लावलेली असते. आधी विचारून घ्यावं. स्तनाचं ऑपरेशन झालेल्या बायकांची सोय बघणाऱ्या सरायांची तिथे एक संघटनाही आहे. आणि पुष्कळ ठिकाणी एक छोटी न्हाणी तासाच्या हिशेबाने कुटुंबाला किंवा एकटीला मिळते, आतून कडी लावता येते. मला हे सगळं परत आल्यावर कळलं. आधी कळलं असतं तर मी ती कडीवालीच घेतली असती. मग म्हातारीची ओरड ऐकायला मिळाली नसती, पण म्हणून तुम्ही घेऊ नका असं नाही.

खर्चाची वही मी आणली आहे, जेवणाच्या वेळी बघा. त्यात बेप्पूच्या पानावर एक ओळ आहे, तिच्यावरून आमचं अजून भांडण चालू आहे. जपानात ओन्सेन असलेल्या ठिकाणी मुक्काम केला की बिलात न्हाणीकर लागतो. बहुतेक गावांत माणशी दिवसाला 150 येन, राहणं स्वस्त असेल तर काही ठिकाणी कमी. आमच्या बिलात दोघींचा तीन रात्रींचा लावला होता. हिने मालकीणबाईंना फोनवर भाषांतर करून विचारलं, मी एकदाच नहाले, मग तिन्ही दिवसांचा कर कसला? मालकीणबाईंनी ते दोनदा वाचलं, खूप वेळ विचार केला, वाकून नमस्कार केला आणि पैसे घेतले.